भाडं किती, ते मग सांगते

"काय गो बाय, भाचीला घर गावला का नाय?"

मावशींनी भिंतीपलीकडून विचारलेल्या प्रश्नाला एका शब्दात उत्तर दिलं तर त्यांना तो अपमान वाटतो. आमच्या सोसायटीची मागची भिंत ही नाहूर गावाची शीव. अलीकडे आमची लिफ्ट नसलेली चार मजली इमारत. पलीकडे मावशींचं जुनं कौलारू घर, मागच्या अंगाला चढवलेला पत्र्याचा मजला आणि अंगणात ओळीनं भाड्याच्या खोल्या. "सासरे भात लावायचे, मी भाडेकरू लावते," असं मावशी येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवतात. त्यामुळे भाडं, डिपॉझिट आणि ब्रोकर या तीन विषयांत त्यांचा शब्द आमच्या सेक्रेटरीच्या सर्क्युलरपेक्षा वरचढ.

"गावतंय कुठलं!" मी मेथीची जुडी घेऊन भिंतीशी सरकले. "काल वन बीएचके म्हणून एक दाखवलं. बेडरूममध्ये पलंग ठेवला तर दार उघडत नाही, आणि दार उघडायचं तर पलंग हॉलमध्ये."

"भाडा किती?"

"भाडं किती, ते मग सांगते. आधी अटी ऐका."

भाची कराडची. ऐरोलीच्या आयटी पार्कात नोकरी लागली, कोयना एक्स्प्रेसनं ठाण्याला उतरली आणि घर मिळेपर्यंत म्हणून माझ्या हॉलमध्ये गादी टाकून राहिलीय. पोरगी गुणी आहे, पण निघताना घरच्यांनी तिच्या डोक्यात दोनच गोष्टी भरून पाठवल्या. एक, स्टेशनजवळ बघ. दोन, भाडं कमी बघ. या दोन्ही गोष्टी एकाच घरात मिळाल्या असत्या तर निम्मी मुंबई सकाळी इतक्या लवकर उठली नसती.

"मी तिला म्हटलं, बाई, स्टेशनजवळ बघायचं ते बघ, पण कुठलं स्टेशन ते आधी ठरव."

"फास्ट थांबतं तिथं नको," मावशी म्हणाल्या.

त्यांनी हे चार शब्दांत उरकलं. मला भाचीच्या गळी उतरवायला अख्खी संध्याकाळ लागली. मुलुंडला, भांडुपला काही फास्ट गाड्या थांबतात. मधल्या नाहूरला फक्त स्लो. ब्रोकर हे सांगताना जरा चाचरतो, ऐकणारा नाक मुरडतो, आणि तिथेच घासाघीस करायला जागा मिळते. जिला फास्ट पकडायचीच नाही, तिनं फास्टचे पैसे भाड्यात कशाला भरायचे?

आणि हे स्टेशन तरी कधीचं? २००६ सालचं. १८५३ साली पहिली आगगाडी बोरीबंदरहून ठाण्याला गेली ती आमच्या नाहूरवरूनच गेली, पण इथे थांबायला रेल्वेनं दीडशे वर्षं घेतली. मावशींच्या लग्नाचं वऱ्हाड भांडुपला उतरून चालत आलं होतं. "नवरदेव इथलाच, म्हणून तेवढा ताजातवाना होता," इति मावशी.

स्टेशन उशिरा आलं, म्हणून नावही उशिरा झालं. अजूनही इथला माणूस बाहेरगावी पत्ता सांगताना कधी मुलुंड म्हणतो, कधी भांडुप. बिल्डरांच्या पाट्यांवर तर नाहूर हा शब्द शोधूनच काढावा लागतो. पाटीवर 'मुलुंड वेस्ट' आणि प्रत्यक्षात नाहूर फाटकाच्या बाजूची गल्ली. रस्त्यात पाणी तुंबलं की मात्र तेच लोक म्हणतात, "ते भांडुपचं हो." भाचीला मी एवढंच सांगितलं की जाहिरातीत मुलुंड लिहिलं असेल आणि स्टेशन नाहूर असेल, तर ब्रोकरला विचार, भाडं कुठल्या गावचं लावलंय.

"मग काय म्हनला तो?"

"म्हणाला, मॅडम, लोकेशन प्राइम आहे."

मावशी इतक्या मोठ्यानं हसल्या की त्यांच्या शेवटच्या खोलीतला भाडेकरू बाहेर डोकावून गेला.

ब्रोकरांची भाषा हा एक स्वतंत्र विषय आहे. 'सेमी-फर्निश्ड' म्हणजे दोन पंखे, चार ट्यूबलाइट आणि आधीच्या भाडेकरूनं मागे टाकलेली गादी. 'स्टेशन पाच मिनिटं' म्हणजे त्याच्या बाइकवर, तेही सिग्नल हिरवा असेल तर. 'ओनर चांगला आहे' म्हणजे ओनर परदेशात आहे. 'फॅमिली बिल्डिंग' म्हणजे तुमच्याकडे कोण येतं-जातं यावर चार घरांचं लक्ष असेल. आणि या सगळ्या माहितीचं एक महिन्याचं भाडं दलाली म्हणून मोजायचं. अकरा महिन्यांनी करार पुन्हा केला की काही जण पुन्हा हात पुढे करतात. ही दुसऱ्या वेळची दलाली किती, द्यायची की नाही, हे पहिल्याच दिवशी बोलून घ्यावं. नंतर बोलायला गेलं की भांडण होतं.

भाचीच्या बाबतीत एक गोष्ट मात्र जमून आली, ती म्हणजे तिची दिशा. सकाळी सगळी लोकल सीएसएमटीकडे तोंड करून चेंगरत असते. ही जाणार उलटी. नाहूर, मुलुंड, ठाणे. ठाण्याला पुलावरून नऊ-दहा नंबर फलाटावर, तिथून वाशी-पनवेलकडची गाडी. दिघा गाव, मग ऐरोली. ठाण्याहून तिकडे लोकल २००४ साली सुरू झाली आणि मधलं दिघा गाव स्टेशन तर जानेवारी २०२४ मध्ये उघडलं. आमच्या पिढीत पूर्वेकडच्या माणसाला नवी मुंबईत नोकरी लागली की आधी कपाळाला आठ्या पडायच्या, मग पेढे यायचे. आता मुलगी पर्स छातीशी न धरता प्रवास करते. संध्याकाळीसुद्धा ठाण्याहून सुटणारी स्लो लोकल पकडली की गर्दीच्या विरुद्धच. नव्या शहरात घर शोधणाऱ्यानं नकाशावर आधी ऑफिस बघावं, मग गर्दी कुठून कुठे वाहते ते बघावं आणि तिच्या उलट बाजूला घर घ्यावं, असं माझं मत झालंय. यात किलोमीटर मोजून काही उपयोग नाही.

"आणि ठाण्याच्या पुलावरची रेटारेटी?"

"ते तिला पहिल्या सोमवारी कळेल. नाहीतर मुलुंडहून ऐरोलीच्या पुलावरून बस आहेच."

तो पूल १९९९ सालचा. छोट्या गाड्यांचा टोल ऑक्टोबर २०२४ मध्ये माफ झाला तेव्हापासून ऐरोलीवाले इकडे घरं बघायला यायला लागलेत, अशी आमच्या कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याची तक्रार आहे. त्याचं स्वतःचं भाडं वाढलं म्हणून तो टोलमाफीवर रागावलाय. त्याचं अर्थशास्त्र कच्चं असेल, पण पूर्ण चूक आहे असंही मला म्हणवत नाही.

मग विषय निघाला बदलापूरचा. भाचीच्या आत्यानं फोनवर फर्मावलं होतं, "नाहूर-बिहूर काही नको, बदलापूरला निम्म्या भाड्यात मोठा ब्लॉक मिळेल." मिळेल ना. मी मेथी बाजूला ठेवली आणि भिंतीवरच बोटानं हिशेब मांडला. बदलापूरहून ठाणं लोकलनं साधारण तासाभराचं. नाहूरहून दहा-बारा मिनिटांचं. जाऊन-येऊन दिवसाला दीड तास जास्त. महिन्याचे कामाचे बावीस दिवस. म्हणजे तेहतीस तास. आठ तासांची एक पाळी धरली तर चार पाळ्या लोकलमध्ये उभ्यानं, आणि त्याही बिनपगारी.

"पन भाडा वाचला तेचा काय?"

"तेही धरू. वाचलेलं भाडं वजा घराहून स्टेशनला लागणारी रिक्षा. आता रिक्षाचं मीटर २६ रुपयांवर पडतं. दोन वेळचे बावन्न, बावीस दिवसांचे अकराशे चव्वेचाळीस. हे अकराशे चव्वेचाळीस कुठल्याही जाहिरातीत लिहिलेले नसतात."

"इथं तरी कुठं लिवतात?"

हे खरं होतं. नाहूरलाही स्टेशनपासून आत, डोंगराच्या बाजूला घर घेतलं तर रिक्षा सुटत नाही. बेस्टची बस आहे. मे २०२५ पासून तिचं किमान तिकीट पाचाचं दहा रुपये झालं, तरी ती रिक्षापेक्षा स्वस्तच. पण तिची वाट बघण्याचा वेळ कुठल्या खात्यात टाकायचा? म्हणून मी भाचीला सांगितलं की भाडं, रिक्षा, पास, मेंटेनन्स कोण भरणार ते, आणि पाण्याचा टँकर लागत असेल तर त्याचा वाटा, असं सगळं एकाच कागदावर लिहून खाली रेघ मार. रेघेखालचा आकडा हे खरं भाडं. ब्रोकर सांगतो ती नुसती सुरुवात.

बदलापूरला नावं ठेवायचा माझा विचार नाही हं. माझ्या सासरच्यांनी गिरगावातली खोली सोडून इकडे यायचं ठरवलं तेव्हा त्यांच्या भावकीत असाच गहजब झाला होता. 'भांडुपच्या पलीकडे माणसं राहतात का' असं विचारणारे लोक नंतर स्वतः डोंबिवलीला गेले. मुलुंडसुद्धा आपोआप मुलुंड झालेलं नाही. १९२२ च्या सुमारास रेघा आखून, सरळ रस्ते पाडून तिथे वस्ती वसवली, म्हणून आजही पाच रस्त्याला उभं राहिलं की गल्ल्या पट्टीनं ओढल्यासारख्या दिसतात. मग ते भरलं, महाग झालं. लोक पुढे ठाण्याला, डोंबिवलीला, कल्याणला, बदलापूरला सरकले. सीएसएमटीपासून बदलापूर ६८ किलोमीटर. ज्याला घर विकत घ्यायचंय, पोरांना त्याच शाळेत वाढवायचंय, तो तिथे जातो आणि बरोबरच करतो. पण जिचा करारच अकरा महिन्यांचा आहे, उद्या नोकरी बदलली की जिला पुन्हा बिऱ्हाड हलवायचंय, तिनं मोठ्या ब्लॉकच्या मोहात रोज एवढी लोकल का खायची?

आता स्वस्त म्हटलं की दुसरी भीती येतेच. ऐरोलीच्या शेजारी दिघ्याला फारच स्वस्तात खोली मिळतेय असं भाचीच्या मैत्रिणीनं कळवलं. मी म्हटलं, आधी इमारतीचे कागद विचार. दिघ्यातल्या बेकायदा इमारतींवर २०१५ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानं हातोडा पडला, भाडेकरू आणि मालक दोघेही रस्त्यावर आले. एप्रिल २०१३ मध्ये मुंब्र्याजवळ शिळफाट्याला अर्धवट बांधलेली बेकायदा इमारत कोसळून ७४ माणसं गेली. त्यात बांधकाम चालू असतानाच खालच्या मजल्यांवर राहायला आलेली कुटुंबं होती. कल्याण-डोंबिवलीतल्या ६५ इमारतींच्या खोट्या परवानग्यांचं प्रकरण तर अगदी अलीकडचं. भाडेकरूला वाटतं, माझं काय जातंय, मी थोडाच विकत घेतोय. पण छत पडताना सातबारा विचारून पडत नाही.

मावशी गप्प झाल्या. मग हळूच म्हणाल्या, "आमचे पत्रे हायेत बाय. पडले तरी डोक्याला टेंगूळ."

"मावशी, तुमच्या वरच्या खोलीत मे महिन्यात पापड भाजून निघतील."

"म्हनून तिचा भाडा कमी."

असा रोखठोक मालक मिळाला तर ब्रोकर लागणार नाही.

पण मला जास्त राग येतो तो आमच्या अलीकडच्या बाजूचा. आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक फ्लॅट रिकामा आहे. मालक ओळखीचा, भाडंही बरं. मी आनंदानं भाचीचं नाव सुचवलं. तर म्हणाला, "द्यायला हरकत नाही, पण सोसायटी रीडेव्हलपमेंटला चाललीय. करारात एक महिन्याच्या नोटिशीची अट घालू." म्हणजे मुलीनं पडदे लावायचे, गॅस घ्यायचा आणि बिल्डर आला की उठायचं. अख्ख्या भांडुप-मुलुंडात हेच चाललंय. जुनी इमारत पाडायला घेतली की तिथले वीस-पंचवीस संसार एकदम बाहेर पडतात. बिल्डर त्यांना महिन्याचं भाडं देतो. पोरांच्या शाळा, आजीचा डॉक्टर, दूधवाला सगळं इथेच, म्हणून ते शेजारच्याच गल्लीत घर शोधतात. भाडं बिल्डरच्या खिशातून जाणार म्हटल्यावर घासाघीस कोण करणार? कराडहून आलेल्या मुलीची स्पर्धा या लोकांशी आहे, हे तिला कुणी सांगितलेलं नसतं. म्हणून मी तिला एक युक्ती शिकवली. घर बघायला गेलीस की लिफ्टची वाट बघताना नोटीस बोर्ड वाच. रीडेव्हलपमेंटची सभा, पाणीकपात, मेंटेनन्स थकवणाऱ्यांची नावं, पार्किंगची भांडणं, सगळं तिथे टाचणीनं लावलेलं असतं. ब्रोकर जे लपवतो ते सेक्रेटरी काचेच्या पेटीत कुलूप लावून जाहीर करतो.

"पानी कवा येतं ते इचारलं?"

"पाचशे वेळा सांगितलंय."

मुंबईच्या पाण्यातलं केवढं तरी पाणी आमच्या शेजारी, भांडुपच्या केंद्रात शुद्ध होतं आणि मग गावभर जातं. तरी भांडुपच्या डोंगरउतारावरच्या बायका हंडे घेऊन उभ्या असतात. जलकेंद्र जवळ म्हणून पाणी भरपूर, असं समजू नये. पाणी किती वाजता येतं, टाकी कुठे आहे, शेवटच्या मजल्याला जोर किती, हे वॉचमनला विचारावं. मालकाला विचारलं तर तो नेहमी 'ट्वेंटी-फोर अवर्स' म्हणतो. आणि पूर्वेकडचं घर असेल तर एकदा रात्री जेवण झाल्यावर तिथे फेरी मारून यावी. मुलुंडचं डम्पिंग २०१८ मध्ये बंद झालं, पण कांजूरचं चालू आहे, आणि त्याच्या आसपासचे लोक रात्रीच्या वासाची तक्रार करून थकलेत. दुपारी बारा वाजता घर दाखवणाऱ्या ब्रोकरच्या अंगाला अत्तराचा वास असतो, एवढंच कळतं.

मग आमच्या गप्पा सोसायट्यांच्या मुलाखतीवर घसरल्या. मुलाखतच म्हणायची. भाचीला एका कमिटीनं हॉलमध्ये बसवून विचारलं, लग्न झालंय का, कधी करणार, रात्रपाळी असते का, मित्र येतात का, आणि शेवटी आवाज खाली आणून, "नॉनव्हेज करता का?"

"मग ती काय म्हनली?"

"म्हणाली, बुधवार, शुक्रवार, रविवार. वाटल्यास मेन्यू लिहून देते."

त्या घराचं काय झालं ते सांगायला नको. मुलुंडमध्ये सप्टेंबर २०२३ मध्ये एका मराठी बाईला, ती मराठी आहे म्हणून, कार्यालयासाठी जागा नाकारली होती. तिनं व्हिडिओ केला, तो गावभर फिरला, पोलिसात तक्रार झाली, पुढाऱ्यांनी भेटी दिल्या. त्या आठवड्यात आमच्या भिंतीवर दुसरा विषय नव्हता. चार दिवसांनी पुढारी गेले आणि कमिट्या पूर्वीसारखेच प्रश्न विचारायला लागल्या, फक्त जरा गोड आवाजात. माझं म्हणणं, मेंटेनन्स वेळेवर येतो ना, कचरा वेगळा करून ठेवतात ना, एवढं बघा. ताटात काय आहे त्यात नाक कशाला? शिवाय घर भाड्यानं दिलं म्हणून सोसायटी मालकाकडून नॉन-ऑक्युपन्सी चार्ज घेते, तोसुद्धा सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. ही मर्यादा सरकारनं २००१ मध्येच घातलीय. काही मालक मात्र हा आकडा फुगवून भाडेकरूच्या गळ्यात मारतात. पावती दाखवा म्हटलं की आकडा खाली येतो.

"आनि ते अंगठ्याचं काय असतं?" मावशींनी विचारलं. एवढा वेळ त्या याच प्रश्नाकडे येत होत्या, हे मला तेव्हा कळलं.

अंगठ्याचं असं असतं, की आता एक पोरगा लॅपटॉप आणि एक छोटं लाल दिव्याचं यंत्र घेऊन घरी येतो. मालक, भाडेकरू आणि दोन साक्षीदार आधार क्रमांक सांगतात, यंत्रावर अंगठा ठेवतात, कॅमेऱ्याकडे बघतात, झालं. निबंधकाच्या कचेरीत खेटे नाहीत. वयस्कर माणसांचा अंगठा पटकन उमटत नाही. भांडी घासून रेषा गेलेल्या असतात. मग पोरगा म्हणतो, "आजी, दुसरं बोट द्या," आणि आजी एकेक करत दहाही बोटं ठेवून बघतात. आमच्या वरच्या काकूंचं डाव्या हाताच्या अनामिकेवर जमलं.

"माजं काय काम त्यात? मी वहीत सही घेते."

"मावशी, वहीला कोर्टात कोण विचारतंय! कायदा आहे, १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा. त्याच्या ५५ व्या कलमात लिहिलंय की करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. आणि नोंदवायची जबाबदारी भाडेकरूवर नाही, मालकावर."

"मालकावर?"

"हो. नोंदवला नाही आणि भांडण झालं, तर भाडेकरू म्हणेल त्या अटी खऱ्या धरतात, तुम्ही उलटं सिद्ध करेपर्यंत. वर पाच हजारांपर्यंत दंड, नाहीतर तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही."

मावशींनी हातातला विळा खाली ठेवला. "म्हंजे तो कोपऱ्यातला म्हनंल की भाडा हजार रुपये ठरला होता..."

"तर ते खोटं आहे हे तुम्हाला सिद्ध करावं लागेल."

त्या कोपऱ्यातल्या खोलीकडे वळून बघत म्हणाल्या, "तरीच तो हल्ली लय गोड बोलतो."

नोंदणी काही महाग नसते. मुद्रांक शुल्क अकरा महिन्यांच्या भाड्यावर आणि डिपॉझिटच्या धरलेल्या व्याजावर पाव टक्का, वर शहरात हजार रुपये नोंदणी फी, आणि त्या पोराची मजुरी. हे सगळं मालक-भाडेकरू निम्मं-निम्मं करतात, असा रिवाज. शिवाय भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवायची, तीही आता ऑनलाइन होते. गिरगावातल्या जुन्या खोल्यांची भाडी ज्या १९४७ च्या कायद्यानं गोठवली होती त्याची दहशत मालकांच्या मनात इतकी बसलीय की अजून लोक अकरा महिन्यांच्या पुढे जायला घाबरतात. माझ्या सासऱ्यांच्या खोलीचं भाडं शेवटपर्यंत चहा-भजीच्या खर्चात बसायचं, आणि मालक जिन्याची पायरी तुटली तरी बघायचा नाही. त्याचंही बरोबर होतं, तो कशातून बघणार?

मग मी हळूच मुद्द्यावर आले. मावशींची शेवटून दुसरी खोली पुढच्या महिन्यात रिकामी होतेय, हे मला दूधवाल्याकडून कळलं होतं. पत्र्याच्या मजल्यावरची नव्हे, खालची, कौलांची. मोरी आत, संडास आत, खिडकी पूर्वेला, नाहूर स्टेशन खरोखरच चालत पाच मिनिटं, माझ्या पायांनी. भाचीला हेच पाहिजे. तिनं भिंतीवरून दोनदा बघूनही ठेवलीय.

"तिचा भाडा..." मावशींनी आकडा सांगितला.

तो आकडा इथे लिहीत नाही, कारण आमच्या सोसायटीतल्या बायका हे वाचतील आणि उद्या मावशींचे बाकीचे भाडेकरू भिंतीवर चढतील. एवढंच सांगते, कागदावर रिक्षाचे शून्य, मेंटेनन्सचे शून्य आणि दलालीचे शून्य असे तीन शून्य मांडून रेघ मारली, तेव्हा बदलापूरच्या आकड्याहून तो फार वर नव्हता.

"दोन गोष्टी करायला लागतील," मी म्हटलं. "करार नोंदवायचा. आणि भाडं वर्षाला एक लाखाच्या वर जातंय, तेव्हा तिनं जुन्या पद्धतीनं कर भरला आणि घरभाड्याची सूट घेतली तर ऑफिसात तुमचा पॅन नंबर द्यावा लागेल."

पॅन हा शब्द ऐकताच मावशींच्या चेहऱ्यावर ढग आले. जगातले सगळे घरमालक, टॉवरमधले असोत की गावठाणातले, इथे येऊन एक होतात.

"पॅन माज्या ल्योकाकडं असतो."

"मग लेकाला विचारा."

"ल्योक म्हनतो, नाव झालं की भाव चढंल. तो गोरेगावचा रस्ता होतोय ना, बोगदा-बिगदा. तेवा बघू, आता कोनाला लांबचा करार देऊ नको म्हनतो."

लेक चुकत नाही. गोरेगाव-मुलुंड जोडरस्ता, बारा-सव्वाबारा किलोमीटरचा, नॅशनल पार्कच्या पोटातून पावणेपाच किलोमीटरचे दोन बोगदे. जुलै २०२४ मध्ये त्या बोगद्यांचं भूमिपूजन झालं. एलबीएस रस्त्यावर मेट्रोचे खांब उभे आहेत. हे सगळं पुरं झालं की फिल्मसिटीच्या बाजूची माणसंही इथे घरं शोधायला येतील आणि नाहूरच्या पाट्यांवर नाहूरच लिहितील. तेव्हाची भाची मग कुठे उतरायची ती उतरेल. या भाचीला अकरा महिने हवेत.

"अकराच महिने मागतेय ती," मी म्हटलं. "बोगद्याला त्याहून जास्त लागतील."

मावशींनी विचार केला. भिंतीवर हात ठेवला, मेथीच्या काड्या माझ्याकडून मागून घेतल्या (त्यांच्या बकरीला), आणि म्हणाल्या, "पॅनचं मी ल्योकाशी बोलते. अंगठा देते. डिपॉझिट तीन महिन्यांचा, त्याच्यात कमी नाय. पन एक इचारते, खरं सांग."

"काय?"

"ती पोर मासली खाते ना? माज्या अंगनात बोंबील सुकत घालते मी, वाकटी घालते. मागची ती शाकाहारी होती, खिडकी लावून बसायची आनि मना 'मावशी, स्मेल' म्हनायची. तशी असंल तर मना जमायचं नाय."

"कराडची आहे मावशी. तुमच्या बोंबलातले चार उचलून नेईल."

"मग तिला रव्वारी धाड," मावशी म्हणाल्या. "खोली बघंल, आनि जेवून जाईल."